पालघटचा चौक आणि आमची चोपडी

माझ्या चुलत भावाचे भिवंडीत माग आहेत. ग्रे कापड विणायचं, तागे बांधायचे आणि टेम्पोत भरून पाठवायचं, एवढाच त्याचा धंदा. छपाई इथे होत नाही. माल सुरतेला किंवा राजस्थानात पालीला जातो, तिथे धुऊन, रंगवून, छापून निघतो आणि कधीकधी फिरून भिवंडीच्याच गोदामात येऊन पडतो. मागच्या हिवाळ्यात अशाच एका गोदामात आम्ही चादरींचे नमुने पाहत होतो. विटकरी रंगाची जमीन, त्यावर पांढरी नक्षी. सगळीकडे जिला ‘वारली प्रिंट’ म्हणतात, तीच. मधोमध एक चौकोन, त्याच्या कडेला जाळीदार वेल आणि आत हात वर केलेली एक आकृती.

गाठी उचलणारा एक हमाल थोडा वेळ त्या चादरीकडे पाहत राहिला. वाडा रस्त्यावरच्या एका पाड्यावरचा, चाळिशीचा माणूस. भावाला म्हणाला, “ही पालघट हाय, शेठ. आमच्यात लग्नात काढतात भिंतीवर. हिच्यावर झोपायचं?”

भाऊ हसला. मला मात्र हसू आलं नाही. आपल्यापैकी कुणी बाजारात आयत छापलेला टेबलाचा कपडा पाहिला असता, तर त्याच्या तोंडून हेच निघालं असतं. फरक इतकाच की आपण आवाज केला असता, मोर्चा काढला असता. तो गाठ पाठीवर घेऊन निघून गेला.

हा लेख त्या चौकोनाबद्दल आहे. आणि ओघात आमच्या घरातल्या एका जुन्या चोपडीबद्दलही.

भिवंडी म्हटलं की लोकांना माग आठवतात, मुसलमान वस्ती आठवते, १९७० आणि १९८४ची दंगल आठवते. हल्ली गोदामं आठवतात. याच तालुक्यात वारली, कातकरी, मल्हार कोळी, ठाकूर राहतात, हे शहरातल्या माणसाच्या ध्यानात नसतं. भिवंडी तालुक्यातली ७२ गावं संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत मोडतात, म्हणजे सरकारदप्तरी तो आदिवासी मुलूख आहे. गणेशपुरी-वज्रेश्वरीच्या बाजूला गेलं की पाडे लागतात. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात वारल्यांची संख्या आठ लाखांच्या घरात होती. बहुतेक जण तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आजच्या ठाणे आणि पालघर मिळून जो मुलूख होतो त्यात. मी पंचेचाळीस वर्षं या गावात काढली. अमेरिकेतल्या ‘रेड इंडियन’ लोकांवर शाळेत असताना पुस्तक वाचलं होतं. वारल्यांवरचं पहिलं पुस्तक हाती घेतलं तेव्हा केस पांढरे झाले होते.

चौक म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. वारली घरात लग्न ठरलं की आतली भिंत शेणामातीने सारवून गेरूने रंगवतात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूच्या काडीचं टोक चावून कुंचला करायचा आणि सुवासिनींनी बसून चौक लिहायचा. त्या ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’. चौकोनाच्या कडांना नक्षीच्या पट्ट्या, आत पालघट देवी, भोवती झाडं, वेली, सूर्य, चंद्र, फणी, शिडी. पालघट ही उगवणीची, वाढीची देवी. शेजारी लहान देवचौक असतो, त्यात घोड्यावरचा पंचशिऱ्या. हे चालू असताना धवलेरी गाणी म्हणते. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई. वारल्यांचं लग्न भटजी लावत नाही, ती लावते. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही.

म्हणजे ज्याला आपण चित्र म्हणतो, ते निकाहनाम्यासारखं काहीतरी आहे. शोभेसाठी नाही. लग्न आटोपलं की पुढच्या पावसाळ्यात ते ओल धरून, पोपडे पडून जातं आणि कुणाला त्याचं वाईट वाटत नाही.

आता चोपडी. माझे आजोबा कोकणी मुसलमान, तालुक्यातल्या एका गावी त्यांची भातशेती आणि गवताची रानं होती. फार मोठी नाही. स्वतःला जमीनदार म्हणवून घेण्याइतकी होती. ते गेल्यावर लोखंडी पेटीतून एक लांबट वही निघाली. मोडीत लिहिलेली. मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांकडून मी ती वाचून घेतली. त्यात मीठ, तंबाखू, बैलाची पेंड यांचे हिशेब होते आणि १९३८ सालची एक नोंद होती : अमुक वारली यास लग्नाकरिता दिले रुपये ६०. खाली परतफेडीची रक्कम कुठेच नव्हती. दर वर्षी फक्त ‘बाकी’ आणि एक आकडा. तो आकडा कमी होत नव्हता.

मी दादीला विचारलं होतं, तेव्हा ती हयात होती. तिला तो माणूस आठवत होता. “आपला गडी,” ती म्हणाली. “फार इमानदार. त्याची बायको पण आपल्याकडेच कांडायला असायची.” किती वर्षं? तिने बोटं मोजली. चौदा. त्याला पगार काय होता, या प्रश्नावर ती गोंधळली. “पगार कसला? तो आपलाच होता ना.”

या व्यवस्थेला नाव होतं. लग्नगडी. वारली तरुणाकडे लग्नाला पैसे नसत. देजाचे, दारूचे, जेवणाचे, कपड्याचे पैसे सावकार द्यायचा आणि तो तरुण, लग्नानंतर त्याची बायकोसुद्धा, कर्ज फिटेपर्यंत सावकाराच्या घरी राबायची. मजुरी कर्जात वळती व्हायची, पण पोटाला दिलेलं धान्य परत कर्जात चढायचं. १९३०च्या दशकाच्या अखेरीस डी. सिमिंग्टन या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई सरकारसाठी आदिवासी भागाची पाहणी केली. त्याच्या अहवालात लग्नगडी आहे, वेठ आहे, मारहाण आहे आणि कुळांच्या बायकांवर मालक कसा हक्क गाजवत, तेही आहे. आमच्या चोपडीतली नोंद त्याच वर्षांतली. सिमिंग्टन आमच्या अंगणात आला नसेल. यायची गरजही नव्हती.

ही जमीन मुळात आजोबांच्या बापजाद्यांकडे कशी आली, हाही प्रश्नच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या डोंगरांत वारली, कातकरी दळीची शेती करायचे. झाडं तोडून जाळायची, त्या राखेत नाचणी-वरी पेरायची, दोन-तीन वर्षांनी दुसरीकडे सरकायचं. इंग्रजांचे जंगल कायदे आले, १८७८चा सर्वांत कडक. दळी गुन्हा ठरली. त्याच साली अबकारी कायदा आला. मोहाची दारू घरी गाळणं गुन्हा झालं आणि ठेकेदाराची दारू विकत घेणं भाग पडलं. तोवर गुजरातकडची आगगाडी मुंबईपर्यंत पोचली होती. शहराला लाकूड हवं होतं, घोड्यांना आणि तबेल्यांना गवत हवं होतं. ज्यांना कागद कळत होता, ते डोंगराकडे निघाले. गुजराती वाणी, पारशी, इराणी, ब्राह्मण, आणि आम्ही मुसलमानही. दोन पिढ्यांत ज्याची जमीन होती तो कूळ झाला आणि कुळाचा गडी झाला.

मुसलमानांच्या जमीनदारीबद्दल आपण लिहितो तेव्हा ती गेल्याची हळहळ असते. कूळ कायद्यात अमक्यांची शंभर एकर गेली, तमक्यांचा वाडा पडला. ती कुणाकडून आली होती, या पानावर आपली बोटं थांबत नाहीत. मीही थांबलो नव्हतो. त्या हमालाने चादरीकडे पाहिलं नसतं, तर कदाचित चोपडी पेटीतच राहिली असती.

भिवंडीपासून फार लांब नाही असं टिटवाळा. जानेवारी १९४५मध्ये तिथे किसान सभेचं अधिवेशन भरलं. त्याला उंबरगाव तालुक्यातून माह्या धांगडा काही वारल्यांना घेऊन आला आणि व्यासपीठावरून आपल्या लोकांची हकीकत बोलला. पुढच्या काही महिन्यांत शामराव आणि गोदावरी परुळेकर वारल्यांच्या पाड्यांवर जाऊन राहिले. मे महिन्यात झरीला सभा झाली, हजारो वारली जमले. सभेचा ठराव साधा होता : वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, मजुरी रोख घ्यायची. लग्नगड्यांना सोडवायला वारली स्वतः जमून मालकांच्या दारात गेले. जी व्यवस्था मोडायला कायद्याला आणखी तीस वर्षं लागली, ती त्या भागात काही आठवड्यांत ढासळली.

मग गवतकापणीचा हंगाम आला. ५०० पौंड गवत कापण्यामागे अडीच रुपये, ही मागणी होती. मालकांना ती बंडखोरी वाटली. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोदाताईंच्या जिवाला धोका असल्याची अफवा पसरवून वारल्यांना गोळा करण्यात आलं आणि पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच जण मेले. गोदाताईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७०चं, त्याला साहित्य अकादमी मिळाली. मराठीत ते नावाजलं गेलं. आमच्या मोहल्ल्याच्या लायब्ररीत मात्र मला कधी दिसलं नाही.

आमच्या गावात झरीसारखं काही झालं नाही. दादीच्या सांगण्याप्रमाणे तो गडी १९५२च्या सुमारास ‘निघून गेला’. १९५७च्या १ एप्रिलला कृषक दिन आला, कसेल त्याची जमीन झाली, आणि आजोबांची भातशेती गेली. ती मिळाली ज्यांची नावं कूळ म्हणून कागदावर होती त्यांना. गड्याचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. फक्त आमच्या चोपडीत होतं, बाकीच्या रकान्यात.

वेठबिगारी बंद करणारा वटहुकूम १९७५च्या ऑक्टोबरात निघाला, १९७६ला कायदा झाला. त्यानंतरही, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, शेजारच्या वसई तालुक्यात दहिसर गावी विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना वेठबिगार सापडले. तिथून श्रमजीवी संघटना उभी राहिली, १९८२ साली. मुंबईपासून दीड-दोन तासांवर, आणि कर्जाची कारणं तीच : लग्न, आजारपण, पावसाळ्यातलं धान्य.

आता गंमत बघा. सत्तरचं दशक उजाडलं तेव्हा हस्तकला मंडळाच्या कामासाठी भास्कर कुलकर्णी नावाचा चित्रकार डहाणूच्या पाड्यांवर फिरत होता. याच माणसाने आधी बिहारात मधुबनीच्या बायकांना कागद दिला होता. इथेही त्याने सुवासिनींना कागद आणि रंग दिले. त्यात गंजाडच्या जिव्या सोमा मशेंचा हात त्याला वेगळा वाटला. पुरुषाने चौक लिहायचा नसतो. मशे चौक लिहीतही नव्हते. ते शेत, मासेमारी, जाळं, मुंग्यांची वारुळं, तारपा काढायचे, लग्न नसतानाही, रोज. १९७६ला त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ला पद्मश्री, आणि २०१८च्या मे महिन्यात ते गेले. म्हणजे ज्या वर्षी वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला, त्याच वर्षी वारली चित्राला दिल्लीचं बक्षीस मिळालं. भिंत सुटली आणि चित्र बाजारात आलं. लग्नही त्याच्याबरोबर आलं नाही, कर्जही नाही.

हे फक्त आपल्याकडे झालंय असं नाही. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला नवाहो नावाचे लोक आहेत. स्वतःला ते ‘दिने’ म्हणतात, म्हणजे माणसं. मी मागवाल्यांच्या गावचा, म्हणून त्यांच्याकडे माझं लक्ष गेलं : ते विणकर आहेत. उभा माग, पायडल नाही, मेंढीची लोकर, आणि विणायला शिकवलं ते कोळी-आजीने अशी श्रद्धा. १८६४ला अमेरिकन फौजेने त्यांची पिकं जाळली आणि हजारोंना शेकडो मैल चालवत छावणीत नेऊन डांबलं. चार वर्षांनी तह करून ते घरी परतले. पुढे व्यापारी आले, म्हणाले, घोंगड्या नकोत, आमच्या गिऱ्हाइकांना जमिनीवर टाकायला गालिचे हवेत, किनार लावा. बायकांनी किनार लावली, पण कितीतरी जणी त्या किनारीतून एक बारीक धागा बाहेर काढून ठेवत, विणणारीचं मन आत कोंडून पडू नये म्हणून. १९३०च्या दशकात सरकारने चराई फार झाली म्हणत त्यांच्या मेंढ्या हजारोंनी मारल्या. विणकाम मेलं नाही. आज त्यांचं स्वतःचं सरकार आहे, कायदेमंडळ आहे, न्यायालय आहे. एका मोठ्या कपडा कंपनीने ‘नवाहो’ नाव लावून चड्ड्यांपर्यंत काय काय विकलं, तेव्हा २०१२मध्ये या सरकारने तिच्यावर दावा लावला आणि २०१६ला कंपनीला तडजोड करावी लागली. नाव त्यांनी कायद्याने नोंदवून ठेवलं होतं.

वारली चित्रालाही २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. आदिवासी तरुणांनीच त्यासाठी धडपड केली. पण मानांकन नावाला राखतं. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन यांवर कुणाचा हक्क राहत नाही. आणि सुरतेच्या छपाईवाल्यावर किंवा माझ्या भावाच्या गिऱ्हाइकावर दावा ठोकायला वारल्यांचं सरकार नाही. ग्रामसभा आहे. पेसा कायदा १९९६चा, वनहक्क कायदा २००६चा. दोन्ही चांगले कायदे आहेत. वनहक्काच्या दाव्यासाठी मात्र कागद लागतो, आणि कागदाचं काय झालं ते वर सांगितलंच. दरम्यान जमिनीवर नवे लोक आले आहेत. अंजूर-भरोडीला बुलेट ट्रेनचा डेपो, वडोदऱ्याकडे जाणारा रुंद रस्ता, तिकडे डहाणूजवळ वाढवणचं बंदर. आणि गोदामं. पत्र्याच्या एकेका गोदामात जितकी जागा आहे, तितकी एका पाड्याला नाही.

दिवाळी झाली की वीटभट्ट्या पेटतात. भट्टीवाला पावसाळ्यातच उचल देऊन ठेवतो, कुटुंब सहा-सात महिने भट्टीवर राहतं, पोरांची शाळा सुटते. त्या पोरांसाठी पंडितांच्या माणसांनी भोंगा शाळा काढल्या होत्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी. भट्टीवर कातकरी जास्त, वारलीही आहेत. हिशेब मोडीत लिहिला जात नाही, एवढाच बदल मला दिसतो. कदाचित मी जास्त कडू बोलतोय. पगारी नोकरीत, पोलिसात, शाळामास्तर म्हणून, नर्स म्हणून वारली मुलंमुली आज खूप आहेत, आणि गाठी उचलणाऱ्या त्या हमालाची मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आणखी एक गोष्ट खरी आहे : लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून कितीतरी जोडपी वर्षानुवर्षं नुसती एकत्र राहतात आणि मग सामुदायिक सोहळ्यात एकाच मांडवात आई-बापाचं आणि लेकाचं लग्न लागतं. लग्न हा त्यांच्यात अजूनही पैशाचाच प्रश्न आहे.

मार्चमध्ये त्याच हमालाच्या पुतण्याचं लग्न होतं. मला बोलावणं आलं, भावालाही. भाऊ आला नाही. घर विटांचं, सिमेंटचा गिलावा, तरी मधली भिंत गेरूने रंगवलेली. चौक लिहून झाला होता. चार सुवासिनी होत्या, त्यातली सगळ्यांत लहान विशीची असेल. तिने नववधूच्या मापाची फणी लिहिली आणि मग मोबाइलवर त्याचा फोटो काढला. धवलेरी म्हातारी, आवाज बसलेला, एक कडवं म्हणायची आणि बायका मागून धरायच्या. तिची बोली मला निम्मीच कळत होती. माझी मातृबोली कोकणी. काही शब्द कानाला अगदी घरचे वाटले, बाकीचे निसटले. ही बोली शाळेत नाही. पोरं आश्रमशाळेत प्रमाण मराठी शिकून येतात आणि आजीशी बोलताना अडखळतात. बाहेर डीजे होता. रात्री तो थांबल्यावर एका म्हाताऱ्याने दुधीचा तारपा काढला आणि पोरं एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्याभोवती फिरू लागली. तारप्याकडे पाठ करायची नाही, असं मला शेजारच्याने सांगितलं.

मी खिशात चोपडीतल्या त्या पानाची झेरॉक्स घेऊन गेलो होतो. का नेली, नीट सांगता येणार नाही. सकाळी चुलीशी बसलेल्या एका आजीला मी तो जुना गडी कुणाच्या ओळखीचा होता का, म्हणून नाव सांगितलं. तिचा मोठा चुलता निघाला. पाहिला होता का? पाहिला होता, ती लहान होती. मी म्हटलं, आमच्या आजोबांकडे होता तो, लग्नाचं कर्ज होतं. तिला ते ठाऊक होतं.

“किती होतं?”

“साठ रुपये.”

तिने चुलीत काटकी सारली. “मंग चौक मोठा लिवला असंल,” ती म्हणाली आणि मला चहात साखर किती, ते विचारलं.

झेरॉक्स अजून माझ्याकडेच आहे. तिच्या नातवाने त्याचा फोटो मागून घेतला. कातकरी-वारल्यांच्या जुन्या नोंदी तो गोळा करतोय, म्हणाला, आणि आणखी कुणाच्या घरी अशा वह्या असतील तर कळवा. ज्या वाचकांच्या घरी लोखंडी पेट्या आहेत, त्यांना मी हे त्याच्या वतीने कळवतो.